बूटलोडर

बूटलोडर : संगणकात वीज आल्यापासून परिचालन प्रणालीच्या हाती कारभार जाईपर्यंतच्या अल्पावधीत कार्य करणारी आणि त्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, साठवणीच्या साधनावरून उचलून मुख्य स्मृतीत नेऊन ठेवणारी लहान आज्ञावली. मुख्य स्मृतीतील मजकूर वीज जाताच पुसला जातो आणि प्रक्रियक तर स्मृतीत असलेल्याच आज्ञा पाळू शकतो. म्हणजे स्मृतीत आज्ञावली आणण्यासाठी स्मृतीत आधीच एखादी आज्ञावली असावी लागते. हा पेच संगणकाइतकाच जुना आहे. बूट पायात ओढून चढविण्यासाठी त्याच्या मागील बाजूस शिवलेल्या पट्टीला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला जमिनीवरून वर उचलणे, ही अशक्य गोष्टीची त्या भाषेतील विनोदी कल्पना होय. तीवरून संगणक सुरू करण्याच्या क्रियेस ‘बूट’ करणे हे नाव पडले.

लिनक्स ही परिचालन प्रणाली यूएसबी साधनावर, म्हणजे बोलण्यातील पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर, स्थापित करताना बूटलोडर लागतो काय, असा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. त्याचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, याचे कारण या आज्ञावलीच्या इतिहासात आहे. लोडरचे कार्य कोणत्याही यंत्रात टळलेले नाही. ते पार पाडणारा मात्र बदलत गेला : प्रथम यंत्रचालकाची बोटे, नंतर यंत्रात कायमची कोरलेली स्मृती, नंतर चकतीचा पहिला सेक्टर आणि अलीकडे खुद्द कर्नेल.

इतिहास : केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालली. आज्ञावली छिद्रित कागदी फितीवर असे. पण फीत वाचावी कशी, हे यंत्राला सांगणाऱ्या आज्ञा कोठून आणावयाच्या? डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) या तरुण संशोधकाने त्यासाठी ३१ आज्ञांची एक मालिका रचली. ‘प्रारंभिक आज्ञा’ या नावाने ती ओळखली जाते. टेलिफोन केंद्रात वापरले जाणारे, पायरीपायरीने फिरणारे विद्युत् स्विच तारांनी जोडून ही मालिका यंत्रात कायमची बसविली होती. कळ दाबताच ती स्मृतीत उतरे आणि फितीवरील अक्षरे व दशमान अंक वाचून त्यांचे द्विमान आज्ञांत रूपांतर करी. त्याच वर्षी व्हीलर यांनी ४१ आज्ञांची सुधारित मालिका तयार केली. तिच्या साहाय्याने पूर्वी लिहिलेल्या उपआज्ञावली स्मृतीत कोणत्याही ठिकाणी बसविता येऊ लागल्या. एवढ्या थोड्या आज्ञांत इतके कार्य साधल्याचे दुसरे उदाहरण संगणकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढील दोन दशकांत मोठ्या यंत्रांवर ‘लोड’ अशी कळ असे. ती दाबली की छिद्रित पत्रावरील किंवा चुंबकीय फितीवरील पहिल्या काही आज्ञा स्मृतीत येत, त्या पुढच्या आज्ञा आणीत व अशा रीतीने संपूर्ण आज्ञावली उतरे. आयबीएमच्या ७०१ या संगणकात ही सोय होती. लहान यंत्रांचे मात्र असे नव्हते. १९६५ मध्ये बाजारात आलेल्या पीडीपी–८ या संगणकाच्या दर्शनी भागावर स्विचांची ओळ असे आणि पंधरा-वीस आज्ञांचा लोडर चालकास एकेक स्विच वरखाली करून हाताने भरावा लागे. या यंत्राची स्मृती चुंबकीय कड्यांची असल्याने वीज गेली तरी तीतील मजकूर टिके. त्यामुळे एकदा भरलेला लोडर एखाद्या चुकार आज्ञावलीने पुसून टाकेपर्यंत उपयोगी पडे. जानेवारी १९७५ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या अल्टेअर ८८०० या यंत्राची स्मृती अर्धसंवाहक असल्याने ही सवलतही नाहीशी झाली. या यंत्रासाठी लिहिलेल्या बेसिक भाषेचे प्रात्यक्षिक दाखविण्यास निघालेल्या पॉल ॲलन (१९५३–२०१८) यांना लोडर लिहावयाचा राहिला असल्याचे विमानात लक्षात आले व त्यांनी तो प्रवासातच कागदावर लिहून काढला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकाने या बाबतीत जी पद्धत घालून दिली, ती पुढे तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. या यंत्रात केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत बायॉस ही आज्ञावली कोरलेली होती. यंत्राची तपासणी झाल्यावर बायॉस चकतीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मुख्य स्मृतीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवी आणि त्यात काय आहे याची फारशी विचारपूस न करता कारभार त्याच्या स्वाधीन करी. १९८३ मध्ये हार्ड डिस्क असलेले प्रतिमान आले, तेव्हा याच सेक्टरमध्ये चकतीच्या चार विभागांचे ६४ बाइटांचे कोष्टक बसविण्यात आले. शेवटचे दोन बाइट ओळखचिन्हाचे. उरलेल्या ४४६ बाइटांत लोडरने आपले बिऱ्हाड मांडावे, अशी व्यवस्था ठरली.

जो कोणी या ४४६ बाइटांचा ताबा घेईल तो संगणकाचा धनी होई, हे लवकरच दिसून आले. १९८६ मध्ये पाकिस्तानातील लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये वस्ती करी. १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू फ्लॉपीबरोबर हार्ड डिस्कचा पहिला सेक्टरही ग्रासत असे. ५ जानेवारीस यंत्र अडवून तो ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित करावयास लावी आणि तेवढे केले की मुकाट्याने बाजूस होई. सर्वच विषाणू इतके गमतीदार नव्हते.

लिनक्सचे लोडर : फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसृत केली. तिला स्वतंत्र बूटलोडर लागत नसे, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. कर्नेलच्या फाइलचे पहिले ५१२ बाइट हेच बूट सेक्टर होते. ती फाइल फ्लॉपीवर पहिल्या सेक्टरपासून जशीच्या तशी उतरविली की बायॉस तिला उचली आणि ती स्वतःचा उर्वरित भाग स्वतःच वाचून घेई. ही सोय डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या मालिकेत काढून टाकण्यात आली. त्यानंतर कर्नेलच्या आरंभी राहिलेली छोटी आज्ञावली ‘फ्लॉपीवरून थेट आरंभ आता होत नाही, बूटलोडर वापरावा’ एवढाच निरोप देई.

हार्ड डिस्कसाठी व्हेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ च्या सुमारास लिलो हा लोडर लिहिला. लिलोला फाइल-व्यवस्था समजत नसे. कर्नेल चकतीवर नेमक्या कोणत्या सेक्टरांत पसरले आहे याचा नकाशा तो स्थापनेच्या वेळी करून ठेवी आणि आरंभी केवळ त्या नकाशाबरहुकूम वाचन करी. कर्नेल बदलून नवा नकाशा करावयाचा राहिला, तर यंत्र सुरू होत नसे. आरंभाचा एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावातील एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. केवळ ‘एल’ उमटून यंत्र थांबले, तर दुसरा टप्पा चकतीवरून आणता आला नाही. ‘एल आय’ उमटून थांबले, तर तो आणला पण चालविता आला नाही, असे निदान जाणकार करीत. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ग्रब या लोडरने त्याची जागा घेतली. ग्रबला फाइल-व्यवस्था वाचता येते. त्यामुळे नकाशाची जरुरी राहत नाही, नावावरून कर्नेल शोधता येते आणि आरंभीच्या सूचना आयत्या वेळी बदलता येतात. ४४६ बाइटांत एवढे सामर्थ्य मावणे शक्य नसल्याने ग्रबचा अगदी लहान तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये, मुख्य अंश त्यालगतच्या मोकळ्या सेक्टरांत आणि उरलेला भाग लिनक्सच्या विभागातील एका फाइल-संग्रहात राहतो. हे विभाजन यूएसबी साधनाच्या बाबतीत महत्त्वाचे ठरते.

यूएसबी साधनावरील स्थापना : पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आले. त्यांवरून संगणक सुरू करण्याची सोय बायॉसमध्ये पुढील काही वर्षांत हळूहळू आली. प्रारंभी काही यंत्रे पेन ड्राइव्हला फ्लॉपी समजत, तर काही हार्ड डिस्क.

येथे दोन भिन्न गोष्टींत घोटाळा होऊ देता कामा नये. वितरकांकडून मिळणारी लिनक्सची प्रतिमा-फाइल पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरविली, तर बूटलोडरचा विचार करावा लागत नाही. तो तीत समाविष्ट असतो. सीडीच्या मांडणीत पहिले ३२,७६८ बाइट वापराविना मोकळे सोडलेले आहेत. त्या मोकळ्या जागेत हार्ड डिस्कसारखा पहिला सेक्टर बसविला की तीच प्रतिमा सीडीवरून व पेन ड्राइव्हवरून अशी दोहोंवरून चालते. पेन ड्राइव्हला हार्ड डिस्क मानून त्यावर रीतसर स्थापना करणे ही गोष्ट निराळी. प्रस्तुत प्रश्न याच प्रकारात उद्‌भवतो.

जुन्या बायॉस पद्धतीच्या यंत्रावर उत्तर निःसंदिग्ध आहे : बूटलोडर लागतो, कारण बायॉसला एका सेक्टरपलीकडे काहीच कळत नाही. तो त्याच यूएसबी साधनाच्या पहिल्या सेक्टरमध्ये असणेही तितकेच आवश्यक आहे. स्थापनेच्या वेळी संगणकातील अंतर्गत डिस्क ही बहुधा पहिली व यूएसबी साधन दुसरे असते. स्थापना-कार्यक्रमाने सुचविलेले स्थान न पाहता मान्य केले, तर बूटलोडर अंतर्गत डिस्कवर जाऊन बसतो. मग पेन ड्राइव्ह काढून घेतल्यावर ग्रबचा पहिला तुकडा संगणकात आणि उरलेला भाग मालकाच्या खिशात, अशी स्थिती होते. संगणक चालू करताच ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे दिसतात आणि डिस्कवरील विंडोज सुरक्षित असूनही तीपर्यंत पोहोचता येत नाही. उलट तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकास लावला, तर तेथेही तो चालत नाही, कारण त्याच्या पहिल्या सेक्टरमध्ये काही नसते. स्थापनेपूर्वी अंतर्गत डिस्कची जोडणी काढून ठेवणे हा यावरील जुना व खात्रीचा उपाय होय. सीलबंद लॅपटॉपात तो सहजसाध्य नसतो, एवढेच.

लोडर योग्य ठिकाणी असला म्हणजे काम संपले, असेही नाही. ग्रब चालू असेतोवर वाचनाचे काम बायॉस करते. कर्नेल सुरू झाले की ते बायॉसचा हात सोडते आणि ज्या साधनावरून आपण आलो, तेच साधन त्याला आपल्या बळावर नव्याने शोधावे लागते. यूएसबी साधन ओळखण्यास काही सेकंद लागतात. त्यासाठी लागणारी चालक-आज्ञावली कर्नेलमध्ये किंवा त्याच्यासोबत स्मृतीत उतरणाऱ्या प्रारंभिक फाइल-संग्रहात नसेल, तर मूळ फाइल-व्यवस्था सापडत नाही असे सांगून कर्नेल थांबते. पुष्कळदा हा दोष बूटलोडरच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याचे काम तोवर संपलेले असते. साधनाचे नावही यंत्रागणिक बदलते. एका संगणकावर ‘एसडीबी’ असलेले साधन दुसऱ्यावर ‘एसडीए’ होते. म्हणून नावाऐवजी फाइल-व्यवस्थेत नोंदलेल्या अनन्य ओळख-क्रमांकाने ते शोधण्याचा प्रघात पडला. लिलोचे नकाशे या फिरत्या साधनांच्या जगात टिकणे कठीणच होते.

यूईएफआय पद्धती : बायॉसची जागा घेणारी व्यवस्था इंटेल कंपनीने १९९० नंतरच्या दशकात आपल्या इटॅनियम या प्रक्रियकासाठी योजिली. २००५ मध्ये अनेक उत्पादकांचे मंडळ स्थापन होऊन तिला यूईएफआय हे नाव मिळाले. या व्यवस्थेला फॅट ही फाइल-व्यवस्था वाचता येते. ती पहिला सेक्टर चालवीत नाही, तर एका राखीव विभागातील ठरावीक स्वरूपाची फाइल उचलते. कोणती फाइल उचलावयाची याची नोंद संगणकाच्या स्वतःच्या कायम स्मृतीत असते. परक्या संगणकात ही नोंद असणार नाही हे उघड आहे. म्हणून काढता-घालता येणाऱ्या साधनांसाठी एक ठरीव जागा नेमून दिली आहे : ‘ईएफआय’ या फोल्डरातील ‘बूट’ या फोल्डरात ‘बूटएक्स६४’ या नावाची फाइल. प्रवासी पेन ड्राइव्हचा सारा भरवसा या एका नावावर असतो. कित्येक स्थापना-कार्यक्रम ही फाइल न ठेवता केवळ संगणकाच्या स्मृतीत नोंद करून मोकळे होतात. काही तर निवडलेले साधन बाजूस ठेवून अंतर्गत डिस्कच्याच राखीव विभागात ग्रब ठेवतात. त्यामुळे बायॉसच्या काळातील खिशातल्या लोडरची गोष्ट नव्या वेषात पुन्हा घडते. ग्रब स्थापताना ‘काढता येणारे साधन’ असा पर्याय स्पष्टपणे दिला म्हणजे ती टळते.

मार्च २०१२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत कर्नेलच्या फाइलला यूईएफआयला समजणारे स्वरूप देण्याची सोय झाली. फाइलच्या आरंभीच्या ज्या जागेत १९९१ मध्ये फ्लॉपीचा बूट सेक्टर होता आणि पुढे केवळ नकाराचा निरोप होता, त्याच जागेत आता यूईएफआयसाठीचे शीर्षक आले. असे कर्नेल ‘बूटएक्स६४’ हे नाव देऊन ठरीव जागी ठेवले, तर यूईएफआय ते थेट चालविते. अशा यंत्रावर स्वतंत्र बूटलोडर लागत नाही, हे म्हणणे खरे आहे. फरक एवढाच, की लोडरचे निम्मे काम यूईएफआयने व निम्मे कर्नेलने वाटून घेतलेले असते.

या सोयीला मर्यादाही आहेत. ठरीव जागेवरील फाइल चालविताना यूईएफआय तिला कोणत्याही सूचना देत नाही; मूळ फाइल-व्यवस्था कोठे आहे व प्रारंभिक संग्रह कोणता, हे कर्नेलला कोणीतरी सांगावे लागते. म्हणून या सूचना कर्नेल तयार करतानाच त्यात गोवतात, किंवा कर्नेल, प्रारंभिक संग्रह व सूचना या तिन्हींची एकच फाइल बनवितात. नवे कर्नेल बिघडलेले निघाले, तर जुने निवडण्यास सूची नसते आणि सूचना आयत्या वेळी बदलता येत नाहीत. एकाच ओळखीच्या संगणकावर चालवावयाच्या साधनास ही रचना पुरेशी आहे. अनेक ठिकाणी नेण्याच्या, विशेषतः बिघडलेले संगणक दुरुस्त करण्यासाठी जवळ बाळगलेल्या साधनावर मात्र ग्रब असणेच शहाणपणाचे. पहिल्या सेक्टरमध्ये बायॉससाठी एक व ठरीव फोल्डरात यूईएफआयसाठी एक, असे दोन ग्रब एकाच पेन ड्राइव्हवर गुण्यागोविंदाने नांदू शकतात. जुन्या यंत्रांशी गाठ पडणाऱ्यास ते फार उपयोगी पडतात. रास्पबेरी पाय या लहान संगणकात मात्र ग्रबची प्रथा नाही. तेथे यंत्राचे अंगभूत आरंभिक कार्यक्रमच कर्नेल उचलतात व सूचना एका साध्या मजकूर-फाइलीतून वाचतात.

विश्वासाचा प्रश्न : ज्याच्या हाती पहिली आज्ञा त्याच्या हाती यंत्र, हा ‘ब्रेन’ व ‘जोशी’ यांनी घालून दिलेला धडा यूईएफआयच्या रचनाकारांसमोर होता. २०११ च्या आवृत्तीत ‘सिक्युअर बूट’ ही तरतूद पूर्णत्वास आली आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ती घरोघरच्या संगणकांत पोहोचली. या तरतुदीनुसार मान्य स्वाक्षरी असलेलीच फाइल आरंभी चालते. मान्य स्वाक्षऱ्यांची यादी संगणक तयार होतानाच भरली जाते व बहुसंख्य संगणकांत तीत मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र असते. परिणामी लिनक्स कोणत्या संगणकावर सुरू व्हावे, हे ठरविण्याचे साधन एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेले. मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांनी यावर तीव्र आक्षेप घेतला, आणि तो अवाजवी म्हणता येणार नाही; मालकाला ही तरतूद बंद करता येईल किंवा आपले प्रमाणपत्र भरता येईल तोवरच यंत्र त्याचे राहते. तडजोड म्हणून मॅथ्यू गॅरेट यांनी २०१२ मध्ये ‘शिम’ हा अगदी लहान लोडर तयार केला. मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला शिम प्रथम चालतो व तो वितरकाची स्वाक्षरी पडताळून ग्रब चालवितो. म्हणजे बूटलोडर नकोसा होण्याच्या सुमारासच त्याच्या पुढे आणखी एका लोडरची भर पडली.

२०२० मध्ये ग्रबमध्ये एक गंभीर दोष उघडकीस आला. आधीच स्वाक्षरी दिलेले असंख्य ग्रब अविश्वसनीय ठरवावे लागले व त्यांची मोजदाद करण्यासाठी आवृत्तींच्या पिढ्यांचे क्रमांक ठेवण्याची पद्धत सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने जुन्या पिढ्या बाद केल्या, तेव्हा विंडोजशेजारी लिनक्स असलेल्या कित्येक संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेले दुरुस्तीचे जुने पेन ड्राइव्हही त्यात निकामी ठरले. २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ पर्यंतची असल्याने त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे आणण्यात आली आहेत. मुदत संपली तरी पूर्वी स्वाक्षरी झालेले लोडर सामान्यतः अडविले जात नाहीत, कारण यूईएफआय दिनांक तपासत बसत नाही. परंतु केवळ नव्या प्रमाणपत्राची स्वाक्षरी असलेला शिम ज्या पेन ड्राइव्हवर आहे, तो ते प्रमाणपत्र न मिळालेल्या जुन्या संगणकावर सिक्युअर बूट बंद केल्याखेरीज सुरू होत नाही.